भोपळ्याचे घारगे: पोषणाचा तक्ता काढतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला आईबरोबर मामाकडे गेलो आणि हे काम गळ्यात पडलं. मामीच्या बचत गटाचे घारगे पुण्यातलं एक दुकान घ्यायला तयार आहे. आजवर ते सुटे जायचे, गावात आणि सुट्टीला आलेल्या मुंबईकरांच्या पिशव्यांतून. सुट्याला कुणी काही विचारत नाही. पाकीट आलं की मागोमाग तक्ता येतो: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, त्यातली वरून घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था, तिच्या २०२० च्या लेबल नियमांतली ही यादी आहे. आकडे १०० ग्रॅममागे द्यायचे आणि एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही सांगायचं.

छापखान्याने लेबल आधीच मांडून ठेवलंय. वर ठसठशीत अक्षरांत ‘व्हिटॅमिन ए ने भरपूर’, खाली ‘साखर नाही, फक्त गूळ’. तक्त्याच्या चौकटीत कुठल्याशा चकलीचे आकडे तसेच राहिलेत. मामी म्हणाली, ‘तू शास्त्र शिकलायस ना, मग बघ जरा.’ मी शाळेत गणित शिकवतो. पण हे तिला आत्ता सांगून उपयोग नव्हता.

इंटरनेटवर ‘एका घारग्यात इतक्या कॅलरी’ असे आकडे हवे तेवढे सापडतात. तो घारगा किती ग्रॅमचा, तळताना तेल किती प्याला, हे कुणी लिहीत नाही. तेव्हा वजनं आपणच करायची. काटे दोन: स्वयंपाकघरातला ५ किलोचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि मीठ-वेलचीसाठी सोनाराकडे असतो तसला छोटा, ₹४५० ला आणला.

१० नोव्हेंबर

पहिली अडचण वाटीची. गटाचं प्रमाण असं: दोन वाट्या भोपळ्याचा कीस, एक वाटी गूळ, मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाची पिठी, मोहन, चिमूटभर मीठ, वेलची, वर खसखस. ‘मावेल तेवढी’ हे खरं तर चांगलं माप आहे, कारण भोपळा दरवेळी वेगळा असतो. पण त्यावरून तक्ता निघत नाही.

एकाच वाटीत तिघींनी गूळ भरला. चिरून सैल भरला तर १४० ग्रॅम, किसून दाबला तर १९० च्या पुढे. इथेच एका घारग्यामागे दीड ग्रॅम साखरेचा फरक पडतो. म्हणून वाटी बंद. परातीच्या बाजूला काटा ठेवला आणि प्रत्येक डबा वापरण्याआधी आणि वापरल्यावर तोलायचा असं ठरलं. नुसतं ‘किती घातलं’ विचारलं तर उत्तर नेहमी गोल आकड्यात येतं.

भोपळ्याचंही तसंच. माळ्यावर ठेवलेला, पावसाळी वेलावरचा जून भोपळा आणि बाजारातला कापून विकलेला ताजा तुकडा, दोन्ही किसून शिजवले. ताज्याला पाणी इतकं सुटलं की गूळ घातल्यावर पातेल्यात रस्साच झाला. गटाने यापुढे जूनच वापरायचा ठरवलं. पोषणापेक्षा गॅस वाचतो म्हणून, आणि मला ते कारण जास्त पटलं.

१७ नोव्हेंबर

आजची खेप पूर्ण तोलून केली. साल-बिया काढून किसलेला भोपळा ४०० ग्रॅम, गूळ २००. दोन्ही मिळून शिजवल्यावर पातेलं वजा जाता ५२० राहिले, म्हणजे ८० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. गार झाल्यावर ३८० ग्रॅम कणीक, ५० पिठी, १५ तूप, २ मीठ. वेलचीचं वजन तक्त्याच्या दृष्टीने नगण्य.

पीठ छान घट्ट मळलं गेलं. मग चहा झाला. चहा होईपर्यंत पिठाला पाणी सुटून ते हाताला चिकटायला लागलं. गुळाच्या पिठाचं हे नेहमीचंच, त्यामुळे धाकट्या वहिनींनी न बोलता डब्यात हात घातला आणि दोन मुठी कणीक वर मळली. माझ्या वहीत त्याची नोंदच नाही. दुपारी डबा तोलला तेव्हा हिशेबात ४० ग्रॅम कणीक कमी भरली आणि गोष्ट उघडकीला आली. कणीक ३८० नाही, ४२०. हे सुटलं असतं तर १३० च्या आसपास कॅलरी तक्त्यातून गायब होत्या.

जे हे करतील त्यांच्यासाठी: मळून झाल्यावर लगेच आकडे मिटवू नका. शेवटचा घारगा थापून होईपर्यंत डबा बंद समजू नका.

खसखस ५ ग्रॅम धरून सगळं मिळून १०१२ ग्रॅम. पातेल्याला, परातीला आणि केळीच्या पानाला चिकटून २२ गेले. उरलेल्या ९९० चे ३० ग्रॅमचा एक याप्रमाणे ३३ घारगे थापले.

२४ नोव्हेंबर

आज तेल. सगळ्या कामात हेच सगळ्यात चिवट निघालं.

कल्पना सोपी होती: तळण्याआधी कढई तेलासकट तोलायची, तळून झाल्यावर पुन्हा तोलायची, फरक म्हणजे घारग्यांनी प्यायलेलं तेल. तसं होत नाही. गरम कढई लाकडी पाटावर ठेवून काट्यावर ठेवली तर आकडा स्थिरच होईना. ४० ग्रॅम वर, मग खाली, मग बंद. काट्याच्या आतल्या भागाला उष्णता लागली की तो भरकटतो. शिवाय काच तडकली असती तर मामीने मला जेवायला घातलं नसतं.

गार झाल्यावर तोललं तर फरक १६० ग्रॅम. ३३ घारग्यांत १६० ग्रॅम तेल म्हणजे एकेकात जवळजवळ ५. खाताना तेवढं तेलकट लागत नव्हतं. मग शोध घेतला. झाऱ्याला तेल, निथळायच्या ताटात तेल, वर्तमानपत्राला तेल, शेगडीभोवती शिंतोडे. आजींनी मधेच दोन पळ्या तेल काढून भाजीच्या फोडणीला घेतलं होतं, तेही १६० मध्येच. त्यांना दोष नाही, भाजी उत्तम झाली होती.

ही खेप हिशेबातून बाद. घारगे मात्र संपले.

१ डिसेंबर

यावेळी जमलं. पद्धत अशी:

कढई, तेल, झारा आणि निथळायचं ताट, सगळं मिळून गार असताना तोललं. वर्तमानपत्र नको, त्याऐवजी सुती फडकं, तेही कोरडं तोलून. शेगडीभोवती स्टीलचं मोठं ताट, शिंतोडे त्यात पडायला. भाजीचं तेल वेगळ्या बाटलीतून. तळून झाल्यावर सगळं झाकून तसंच ठेवलं आणि संध्याकाळी तोललं. तेलातली खसखस गाळून काढून तिचं वजन वजा केलं.

कढईतून गेलेलं तेल १३१ ग्रॅम. त्यातलं फडक्यात आणि ताटांत सापडलं ३६. घारग्यांत गेलं ९५.

दुसऱ्या बाजूनेही पडताळलं. थापलेले ९९० ग्रॅम, तळल्यावर ९३५. तेल ९५ आत गेलं आणि तरी वजन ५५ ने घटलं, म्हणजे १५० ग्रॅम पाणी उडालं. कच्च्या पिठात भोपळा, गूळ, कणीक यांचं मिळून साडेतीनशेच्या आसपास पाणी असणार, तेव्हा तयार घारग्यात वीस-एकवीस टक्के ओल राहते. घारगा मऊ का राहतो आणि चकलीसारखा महिनाभर का टिकत नाही, ते या आकड्यात आहे.

तयार घारगा सरासरी २८ ग्रॅमचा. कडेचे जाड आणि मधले पातळ यांत चार-पाच ग्रॅमचा फरक आहे, थापणारीचा हात बदलला की अजून.

३ डिसेंबर

घरी बसून हिशेब. आधार हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांचा. देशाच्या सहा भागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचं पृथक्करण त्यात दिलंय. एक सूचना: त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. कणकेपुढे १३४० दिसलं तर घाबरू नका, ४.१८४ ने भागा, ३२० कॅलरी येतील.

१०० ग्रॅममागे धरलेले आकडे: कणीक ३२०, तांदूळ ३५६, गूळ सुमारे ३५४, लाल भोपळा २३ च्या आसपास, तेल-तूप ९००. भांड्याला चिकटलेल्या पिठाचा वाटा वजा केला.

पूर्ण खेपेच्या साधारण ३,२८० कॅलरी. १०० ग्रॅममागे ३५१, एका घारग्यात ९९. प्रथिनं १०० ग्रॅममागे ५.९ ग्रॅम, चरबी १२.७, तंतू ६.३, तंतू सोडून कर्बोदकं ५२.

या ऊर्जेची वाटणी मी मामीला फोनवर वाचून दाखवली. दोन्ही पिठं मिळून ४५ टक्के. तेल २६. गूळ २१. तूप ४. भोपळा पावणेतीन.

‘पावणेतीन?’ मामी म्हणाली. ‘मग आम्ही सकाळभर किसतो काय?’

भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो घारग्याला रंग देतो, ओल देतो, वास देतो आणि पीठ बांधतो. पाण्याचा थेंब न घालता कणीक मळली जाते ती त्याच्यामुळे. पण कॅलरीच्या तक्त्यात तो जवळजवळ दिसत नाही.

८ डिसेंबर

दुकानदाराचा निरोप: ‘तेल कमी करता येईल का? गिऱ्हाईक विचारतं.’ म्हणून आजचा दिवस त्यात गेला.

तव्यावर तूप सोडून भाजून पाहिले. तेलाच्या हिशेबात फार छान. खायला गोड दशमी. आजींनी एक तुकडा तोंडात घातला आणि ‘हे प्रवासाला बरं’ एवढंच म्हणाल्या. म्हणजे नापास. ओव्हनमध्येही केले, ते दुसऱ्या दिवशी वातड. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा फरक तळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात आहे. कढईत असताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर रेटा देत असतं, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. घारगा बाहेर काढला की वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून ताटात आडवे रचून ठेवणं सगळ्यात वाईट. वरच्याचं तेल खालच्याला. झाऱ्यावर कढईच्या वरच क्षणभर धरून झटकायचे आणि मग चाळणीत कडेवर उभे करायचे. नुसत्या एवढ्याने तेल ९५ वरून ८० वर आलं.

एवढा खटाटोप करून १०० ग्रॅममागच्या कॅलरी किती उतरल्या? ३५१ च्या ३४२. एका घारग्यामागे चार. वजनही तेलासोबत घटतं ना. हाताला तेलकट लागत नाही हा फायदा मात्र खरा, आणि महिन्याला तेलाचे पैसे वाचतात. चाळणी कायम झाली.

मंद आचेवर तळणं बंद करायला सांगितलं. वेळ जास्त लागतो, कवच उशिरा धरतं, तेल पितात. आणि एकाच घाण्यात खूप सोडले तर आच मोठी असली तरी तेल थंडावतं, परिणाम तोच.

१५ डिसेंबर

आज लेबलवरच्या मोठ्या अक्षरांकडे वळलो.

‘साखर नाही, फक्त गूळ’: हे जाणार. वरून घातलेल्या साखरेत गूळही मोजला जातो. २०० ग्रॅम गुळातली सुमारे १७० ग्रॅम साखर ३३ घारग्यांत वाटली की एकेकात ५. लेबलचे टक्के काढताना दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर हा पाया धरतात. दोन घारगे म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. यावर गटात वाद झाला. ‘गूळ म्हणजे साखर कशी?’ गुळात थोडी खनिजं जास्त असतात हे खरं, पण मधुमेह असलेल्याने ‘साखर नाही’ वाचून पाकीट संपवलं तर त्याच्या रक्ताला तो फरक कळणार नाही. मामाला मधुमेह आहे. त्यामुळे वाद लवकर मिटला.

लोहाबद्दल सगळ्यांचा जीव गुळात अडकला होता. हिशेब केला तर खेपेत गुळातून ९ मिलिग्रॅमच्या आसपास, कणकेतून १७. एका घारग्यात पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर. प्रौढ बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०२०), आणि धान्यातलं लोह शरीरात पुरतं शोषलंही जात नाही. लोहाबद्दल काही लिहायचं नाही, ठरलं.

आता व्हिटॅमिन ए. भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. अमेरिकन तक्त्यात कच्च्या भोपळ्याच्या १०० ग्रॅममागे ३,१०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलंय आणि १२ भागांचा १ भाग अ जीवनसत्त्व धरतात. त्या हिशेबाने १०० ग्रॅम घारग्यात १०८ मायक्रोग्रॅम. प्रौढ बाईला ८४०, पुरुषाला १,००० लागतात. पाकिटावर नुसतं ‘स्रोत’ म्हणायलासुद्धा घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये शिफारशीच्या १५ टक्के हवं, ‘भरपूर’साठी दुप्पट. आपण १३ च्या खालीच, आणि शिजवताना-तळताना जे जातं ते अजून वजा व्हायचंय. तेवढ्याच वजनाच्या फोडी मोदकपात्रात वाफवून भाजीत खाल्ल्या तर बरंच जास्त पदरात पडेल, पण भाजी पाकिटात विकली जात नाही.

मामीने मधला मार्ग काढला: भोपळाच वाढवू. ६०० ग्रॅम कीस आटवून आटवून तेवढाच गोळा करायचा. केलं. पाऊण तास ढवळत बसावं लागलं, खाली लागायला आलं, रंग केशरीऐवजी तपकिरी झाला. इतका वेळ शिजवून कॅरोटीन टिकलं किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. गॅसचा खर्च धरला तर पाकिटाची किंमत वाढते. ४०० वर परत आलो.

२२ डिसेंबर

नमुना प्रयोगशाळेत दिला. मूळ पृथक्करण आणि साखर मिळून ₹५,५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹६,४९०. गटाच्या दृष्टीने मोठी रक्कम. व्हिटॅमिन ए ची तपासणी वेगळ्या पैशांची होती, ती केली नाही. जो दावा करायचाच नाही त्यावर खर्च कशाला?

नमुन्याच्या दिवशी नेमका मामीकडचा सिलिंडर संपला आणि शेवटचे घाणे शेजारी चुलीवर तळले. आच कमी-जास्त होत होती. वहीत लिहून ठेवलंय.

९ जानेवारी २०२५

अहवाल आला. ओल २०.४ टक्के, प्रथिनं ६.३, चरबी १३.८, राख (म्हणजे खनिजं) १.२, कर्बोदकं ५८.३, एकूण साखर १९.१. ऊर्जा ३८३.

ओल जुळली, त्याचा आनंद झाला. पण ऊर्जा ३८३ आणि माझी ३५१? ३२ चा फरक लहान नाही. संध्याकाळभर वही उलटीसुलटी केली, मग सुटलं.

प्रयोगशाळा कर्बोदकं मोजत नाही. ओल, प्रथिनं, चरबी आणि राख १०० मधून वजा करून जे उरेल ते कर्बोदक. त्यात तंतूही आले, आणि त्यांनाही ग्रॅममागे ४ कॅलरी लागल्या. माझे तंतू सोडून ५२ आणि तंतू ६.३ मिळवले तर ५८ च्या वर जातात, म्हणजे वस्तू तीच, नाव वेगळं. तंतूंना २ ऐवजी ४ धरल्याने साडेबारा कॅलरी वाढल्या. चरबी १.१ ग्रॅम जास्त आली, त्याच्या दहा. ती बहुधा चुलीवरच्या घाण्यांची. प्रथिनांच्या दीड-दोन. उरलेल्या आठ कॅलरी म्हणजे घटकांवरून ऊर्जा मांडण्याच्या आणि तक्त्यातली तयार ऊर्जा घेण्याच्या पद्धतीतला फरक.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळा एकूण साखर सांगते, पण त्यातली गुळाची किती आणि भोपळ्याची स्वतःची किती हे तिला कळू शकत नाही. वरून घातलेली साखर आपल्या प्रमाणावरूनच काढावी लागते. १०० ग्रॅममागे १७.८ ग्रॅम हा आकडा वहीतूनच आला. वजनं केली नसती तर ₹६,४९० भरूनही ती ओळ रिकामी राहिली असती.

१२ जानेवारी

लेबल पक्कं केलं. आकडे अहवालाचेच घेतले. आमचा हिशेब कमी ऊर्जा दाखवतो म्हणून तो छापणं बरं दिसलं नसतं. वाढणी दोन घारग्यांची, ५६ ग्रॅम: ऊर्जा २१४ कॅलरी, म्हणजे दिवसाच्या २,००० च्या ११ टक्के. चरबी ७.७ ग्रॅम, दिवसाच्या ६७ च्या साडेअकरा टक्के. वरून घातलेली साखर १० ग्रॅम, २० टक्के. सोडियम ४६ मिलिग्रॅम, २ टक्के. हा हिशेब घातलेल्या मिठावरून.

वरची मोठी अक्षरं गेली. त्या जागी ‘लाल भोपळा, गूळ आणि कणकेचे घारगे’ एवढंच. छापखान्याने विचारलं, ‘काहीतरी आकर्षक नको का?’ मामीने भोपळ्याचं चित्र थोडं मोठं करायला सांगितलं.

गटात आता भिंतीवर प्रमाण ग्रॅममध्ये लावलंय: भोपळा ४००, गूळ २००, कणीक ४२०, पिठी ५०, तूप १५, मीठ २, खसखस ५. कणकेच्या ४२० पैकी ४० वेगळ्या वाडग्यात काढून ठेवायची, पीठ सैल पडल्यावर वापरायला. त्यापलीकडे मूठ लागली तर भोपळा पाणचट आहे, तो भाजीला घ्यायचा.

‘कधीपर्यंत खावे’ची तारीख अजून ठरायची आहे. वीस टक्के ओल असताना दुकानदार मागतो तेवढे दिवस देता येणार नाहीत. तीन पाकिटं तारीख घालून फडताळात ठेवली आहेत आणि मामा त्यांच्याकडे फिरकणार नाही अशी तजवीज केली आहे.